नंदुरबारची पेठ आणि गुजरातचे आरमार

नंदुरबार समुद्रापासून सुमारे 150 किलोमीटर आत वसलेले आहे. मध्ययुगीन आरमाराच्या इतिहासात या गावाचे नाव शोधणे त्यामुळे वरकरणी चमत्कारिक वाटेल. तथापि पंधराव्या शतकात माहीम बंदरासाठी जो संग्राम झाला त्याची पहिली ठिणगी याच मुलखात पडली होती.

1429 च्या सुमारास झालावाडचा राजा कान्हा गुजरातच्या अहमदशहास भिऊन खानदेशात पळून आला. फारुकी सुलतान नासिरखानाच्या शिफारशीवरून बहमनी सुलतानाने त्यास फौज दिली व तिने नंदुरबारचा प्रदेश लुटला. गुजरातच्या सैन्याने माणिकपुंजच्या घाटात दक्षिणी फौजेचा पराभव केला. घाटावर हार खाल्लेल्या बहमनी सत्तेने मग किनाऱ्याकडे मोर्चा वळविला. माहीमचा गुजराती अंमलदार कुत्बखान मरण पावताच मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याने ते बंदर बळकावले. ‘व्यापाऱ्यांचा प्रमुख’ ही सेनापतीची पदवी येथे अर्थपूर्ण ठरते!

अहमदशहाने दिलेले उत्तर विशेष लक्षणीय आहे. दीवच्या कोतवालाने दीव, घोघा व खंबायत येथून 17 जहाजांचा काफिला उभा केला. शहाजादा जफरखान जमिनीवरून सैन्य घेऊन निघाला. दोन्ही दळे माहीमनजीक एकत्र आली. प्रथम ठाण्यावर पाणी व जमीन अशा दोन्ही बाजूंनी चाल करण्यात आली व ते पडले. माहीमच्या पुळणीवर शत्रूने झाडे तोडून कुंपण घातले होते, तेही टिकले नाही. 17 ही संख्या मोठी नव्हे. तिचे बळ किनाऱ्यावरून चालणाऱ्या फौजेत होते, आणि या फौजेचा खर्च पेठांच्या महसुलातून निघे. बंदराच्या सामर्थ्याचे मोजमाप केवळ गलबतांच्या संख्येवरून करणारे लेखन म्हणूनच अपुरे राहते.

सोळाव्या शतकात चित्र पालटले. पोर्तुगीजांनी 1530 मध्ये तापीच्या मुखाजवळील रांदेर व सुरत ही दोन्ही गावे जाळली. 1534 च्या तहान्वये वसई त्यांच्याकडे गेली आणि गुजरातच्या जहाजांवर त्यांच्या परवान्याचे बंधन आले. समुद्रावरील हुकमत अशी परक्याच्या हाती गेली. परंतु घाटातून उतरणाऱ्या बैलांच्या तांड्यांवर ती चालत नव्हती. येथेच एक विसंगती उद्भवली. 1537 मध्ये गुजरातच्या सुलतानाने सुलतानपूर-नंदुरबारचा प्रदेश खानदेशच्या मुबारकशहास दिला. बंदर एकाचे, पेठ दुसऱ्याची व समुद्र तिसऱ्याचा, अशी वाटणी झाली. बऱ्हाणपूरचे कापड सुरतेस पोचेपर्यंत किती हात ओले करावे लागत असतील, याची कल्पना यावरून करता येते.

अकबराने 1573 मध्ये सुरत व 1601 मध्ये असीरगड घेतला, तेव्हा या मार्गाची दोन्ही टोके एका सत्तेखाली आली. सुरतेहून निघालेला वाटसरू नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर व चोपडे या मुक्कामांनी बऱ्हाणपूर गाठी. 1610 मध्ये या वाटेने गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने नंदुरबारनजीकच्या अनेक कबरी, विलासगृहे, गढी व एक सुंदर तलाव यांची नोंद केली आहे.