गाय वाचवायची तर कुत्र्याला टोचा

गाय चारा खात नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत आहेत. बादली पुढे ठेवली तर ती पाण्यात तोंड घालते, पण घोट खाली उतरत नाही. आवाज घोगरा झाला आहे आणि ती सारखी हंबरते आहे. अशा वेळी घरातला जाणता माणूस काय म्हणतो? “घशात काहीतरी अडकलं असेल.” आणि तो बाह्या वर सारून हात थेट गाईच्या घशात घालतो.

पुष्कळदा त्याचा अंदाज बरोबर असतो. उसाचे कांडे किंवा मक्याचे कणीस घशात अडकणे ही गोठ्यात नवलाची गोष्ट नाही. पण कधी कधी घशात काहीच अडकलेले नसते. घसाच लुळा पडलेला असतो. ज्या लाळेत त्या माणसाचा हात कोपरापर्यंत बुडालेला असतो, त्या लाळेत अलर्क रोगाचे, म्हणजे रेबीजचे, विषाणू असतात. हातावर साधे खरचटले असले तरी विषाणूला तेवढी वाट पुरते.

आपण या रोगाला ‘कुत्रे पिसाळणे’ म्हणतो आणि तो कुत्र्यामाणसांपुरताच आहे असे समजतो. वास्तविक गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, घोडा या सर्व सस्तन प्राण्यांना तो होतो, आणि लक्षणे दिसू लागली की त्यांपैकी कोणीही सहसा वाचत नाही. म्हणून जिथे घर जनावरांवर चालते, तिथे या रोगाचा विचार गोठ्यापासून सुरू करायला हवा.

दुधाच्या पगाराचा जिल्हा

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंत त्याचे नाव अहमदनगर होते) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४ आणि गावे दीड हजारांहून अधिक. अकोल्याच्या डोंगरात मुसळधार पावसात टिकणारी डांगी गाय आहे, संगमनेरच्या नावाने ओळखली जाणारी संगमनेरी शेळी आहे, पारनेर-कर्जतच्या माळरानावर दख्खनी मेंढ्यांचे कळप आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली. लोणी, घोडेगाव, काष्टी येथील जनावरांचे बाजार दूरवर प्रसिद्ध आहेत. येथील कित्येक घरांत किराणा आणि शाळेची फी दुधाच्या पगारातून भागते. अशा घरातली एक दुभती गाय गेली, तर घराचा चालता पगार बंद पडतो.

आणि प्रत्येक गोठ्याच्या तोंडाशी, प्रत्येक वस्तीवर, मेंढपाळांच्या प्रत्येक वाड्याबरोबर कुत्रा असतोच. तो राखण करतो, बिबट्याची चाहूल देतो. तोच कुत्रा या रोगाच्या साखळीतला मुख्य दुवा आहे. माणसाला होणाऱ्या अलर्क रोगापैकी ९९ टक्के रोग कुत्र्यांमुळे होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

विषाणूचा प्रवास

हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. त्याची लांबी सुमारे १८० नॅनोमीटर, म्हणजे असे साडेपाच हजार विषाणू एका रेषेत मांडले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचा उपयोग पुढे होणार आहे.

बहुतेक विषाणू रक्तातून शरीरभर पसरतात. हा तसे करत नाही. दंशाच्या जागी तो काही काळ स्नायूंत राहतो, मग मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकू लागतो. वेग अगदी थोडा, दिवसाला काही सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणूनच पायाला चावा झाला तर साधारणपणे वेळ जास्त मिळतो आणि तोंडावर चावा झाला तर कमी. माणसात लक्षणे दिसायला बहुधा दोन ते तीन महिने लागतात, पण हा काळ एका आठवड्याइतका लहान किंवा एका वर्षाइतका मोठाही असू शकतो. लहान मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा डोक्याजवळ होण्याचा संभव अधिक. या रोगाने मरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, ही गोष्ट आपल्या वाचकांनी विसरू नये.

मेंदूत पोचल्यावर विषाणू तिथे वाढतो आणि मज्जातंतूंच्याच वाटेने लाळग्रंथींत उतरतो. इकडे मेंदू बिघडल्यामुळे जनावर चवताळते, चावत सुटते. चावा आणि लाळ यांची ही गाठ विषाणूच्या दृष्टीने फार सोयीची आहे. मात्र गाय चावत नाही. तिच्यापर्यंत आलेला रोग सहसा तिच्यापाशीच थांबतो. रोगाची साखळी पुढे चालू राहते ती कुत्र्याकडून कुत्र्याकडे. गाय, शेळी आणि माणूस हे त्या साखळीला फुटलेले फाटे आहेत. साखळी तोडायची तर ती कुत्र्यांतच तोडावी लागेल, हे यावरून स्पष्ट होते.

मेंढीने दाखवलेली वाट

पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे आणि त्यानंतर वाटणाऱ्या पाण्याच्या भयाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आहे. म्हणजे रोग फार जुना. उपाय मात्र दीडशे वर्षांच्या आतला.

लुई पाश्चरचे नाव आपल्याला माहीत असते. ६ जुलै १८८५ रोजी त्याने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचण्यास आरंभ केला आणि मुलगा वाचला. पण त्याआधी फ्रान्समधील लिआँ येथे गाल्तिए नावाचा एक पशुवैद्यक या रोगावर काम करीत होता. १८७९ साली त्याने हा रोग सशांना देता येतो असे दाखविले. पुढे १८८१ मध्ये, पिसाळलेल्या जनावराची लाळ मेंढीच्या शिरेत टोचली तर तिला रोग होत नाही, उलट तिच्या अंगी प्रतिकारशक्ती येते, असे त्याने प्रसिद्ध केले. माणसाच्या लशीची वाट अशी मेंढीच्या गोठ्यातून गेली आहे.

भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तेथे डेव्हिड सेंपल याने १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस केली. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत ती हीच. ती लस आपल्याकडे २००५ पर्यंत बंद झाली. आता पेशींच्या संवर्धनात वाढविलेली लस दंडात देतात. आज ‘चौदा सुयां’च्या भीतीने कोणी दवाखाना टाळत असेल, तर तो नसलेल्या वस्तूला भितो आहे.

शंभरातले सत्तर का?

आता एक छोटे गणित करू. एखाद्या गावी कुत्र्यांना लस द्यायची, तर किती कुत्र्यांना द्यावी? तज्ज्ञ सांगतात, शंभरांतल्या सत्तरांना. हा आकडा कुठून आला?

एक पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वी सरासरी किती कुत्र्यांना रोग देतो, हे अनेक देशांत मोजले गेले आहे. हा आकडा बहुधा १ आणि २ यांच्या दरम्यान येतो. आपण तो १.५ धरू. शंभर कुत्र्यांपैकी ४० सुरक्षित असतील, तर ६० टक्के चावेच ‘लागू’ पडतील. १.५ ला ०.६० ने गुणले की ०.९ येतात. एकाचे एकाहून कमी झाले, म्हणजे साखळी विझत जाणार. गणित मांडले तर तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त, म्हणजे ३४ कुत्री सुरक्षित असली तरी काम भागते. मग सत्तर कशासाठी?

कारण कुत्र्यांची संख्या ही गळक्या टाकीसारखी आहे. लस दिलेली कुत्री मरतात, नवी पिल्ले जन्मतात आणि त्या पिल्लांना लस मिळालेली नसते. समजा, वर्षभरात शंभरातली ४० कुत्री अशी बदलली. आरंभी ७० सुरक्षित असतील, तर वर्षअखेर ७० × ०.६, म्हणजे ४२ उरतील. ४२ हे ३४ हून अधिक आहेत, तेव्हा साखळी वर्षभर दबलेली राहील. पण आरंभी ५० च कुत्र्यांना टोचले असेल, तर वर्षअखेर ३० उरतील आणि रोग पुन्हा डोके वर काढील. सत्तरांना टोचून पुढच्या वर्षी मोहीम चुकविली, तर ४२ चे २५ होतील. किरणोत्सर्गी पदार्थाचा ऱ्हास आपण शिकतो, त्यातलाच हा हिशेब आहे. सत्तर हा आकडा पुढच्या वर्षीच्या मोहिमेपर्यंत पुरणारी शिदोरी आहे.

वाचकांनी १.५ च्या जागी १.८ घालून आरंभी किती कुत्र्यांना लस द्यावी लागेल ते काढून पाहावे. उत्तर ७४ च्या आसपास आले पाहिजे.

हिशेब खरा ठरला

कागदावरचे हे गणित प्रत्यक्षात उतरते का? आपल्या शेजारच्या गोव्यात उतरले आहे. तेथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी गावोगाव कुत्री जाळ्यात धरून लस टोचली. टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करायची आणि नंतर दुसऱ्या पथकाने फिरून खूण असलेली व नसलेली कुत्री मोजायची, अशी पद्धत ठेवली. सत्तर टक्के झाले की नाही, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरविले. परिणाम असा की कुत्र्यांमधील दरमहा आढळणारा रोग ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षांत तेथे एकही माणूस या रोगाने दगावला नाही. जून २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला.

मेक्सिकोतही हेच घडले. १९९० साली तेथे कुत्र्यांमुळे झालेल्या अलर्क रोगाने ६० माणसे मेली होती. वर्षानुवर्षे कुत्र्यांचे मोफत लसीकरण चालू ठेवल्यावर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला, कुत्र्यांमुळे माणसांना होणाऱ्या या रोगापासून मुक्त झालेला पहिला देश, म्हणून मान्यता दिली. भारतात मात्र दरवर्षी हजारो माणसे या रोगाने मरतात. अलीकडच्या एका राष्ट्रीय पाहणीचा अंदाज सुमारे ५,७०० आहे, जुने अंदाज १८ ते २० हजारांचे आहेत.

गाईच्या कानात बिल्ला, कुत्र्याचे काय?

आपल्याकडे पशुवैद्यक सेवा नाही असे मुळीच नाही. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. औंधला पुण्यात सरकारी संस्था जनावरांच्या लशी तयार करते. गावोगाव पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये केली होती. तेवढे डॉक्टर पुरविणे आजही जड जाते, पण आहे तेवढ्या माणसांनी काय करता येते, हे २०२२ मध्ये दिसले. लंपी चर्मरोगाची साथ आली, अहमदनगर जिल्ह्यालाही तिचा तडाखा बसला. तेव्हा डॉक्टर, पर्यवेक्षक आणि पशुवैद्यकाचे विद्यार्थी गोठोगोठी फिरले आणि काही महिन्यांत राज्यातल्या बहुतेक सर्व गाईबैलांना लस टोचून झाली.

मग कुत्र्यांच्या बाबतीत असे का होत नाही? गाय दावणीला असते. तिचा मालक कासरा धरून उभा राहतो. तिच्या कानात बारा आकड्यांचा बिल्ला असतो आणि त्या आकड्यावर तिच्या लशीची नोंद होते. कुत्रा मात्र ‘गावचा’ असतो, म्हणजे कोणाच्याच वहीत नसतो. तो पशुसंवर्धन खात्याचा, आरोग्य खात्याचा की ग्रामपंचायतीचा? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. पण टोचणारा हात पशुवैद्यकाचा आणि वाचणारा जीव माणसाचा, तेव्हा तिघांनी एकत्र आल्यावाचून सत्तरचा आकडा गाठणे कठीण आहे. कुत्र्याच्या लशीची मात्रा अवघी एक मिलिलिटर. एका दुभत्या गाईच्या किमतीत किती कुत्र्यांना लस देता येईल, हे आपल्या गावच्या डॉक्टरांना विचारून काढा. उत्तर पाहून ग्रामसभेत बोलण्यासारखे पुष्कळ सापडेल.

लक्षात ठेवण्याजोगे

चावा झाला, ओरखडा निघाला किंवा जखमेला लाळ लागली, तर प्रथम जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. विषाणूचे स्निग्ध आवरण आठवते ना? तेलकट ताटावरचा थर जसा साबणाने निघतो, तसेच ते आवरण साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. चुना, मिरचीपूड, हळद, तेल यांनी हे काम होत नाही, उलट जखम चिघळते.

मग त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लशीमुळे प्रतिपिंडे तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून खोल जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात, ते मधल्या काळात पहारा करते. ठरलेल्या सर्व तारखांना लस घेणे आवश्यक आहे. कुत्रे दहा दिवस बरे राहते का ते पाहावे, पण लस सुरू करायला तेवढे दिवस थांबू नये.

गाईम्हशीला कुत्रे चावले तर तिचीही जखम हातमोजे घालून अशीच धुवावी आणि डॉक्टरांना लगेच बोलवावे. चाव्यानंतर जनावरांनाही लशीची मालिका देतात. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये. अशा जनावराचे दूध काढू नये आणि वापरू नये. त्याआधी कोणी दूध उकळून प्यायले असेल, तर घाबरण्याचे कारण नाही, कारण उकळण्याने विषाणू नष्ट होतो.

२८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी भाषणे होतातच. त्याऐवजी शाळेतल्या मुलांनी शिक्षकांबरोबर गल्ल्या आणि वस्त्या वाटून घ्याव्यात आणि कुत्र्यांना हात न लावता, लांबून, गावातली कुत्री मोजावीत. त्या संख्येला ०.७ ने गुणावे. येणारा आकडा सरपंचांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लिहून द्यावा. आपल्या गावाला यंदा किती मात्रा हव्यात, हे त्यामुळे त्यांना नेमके कळेल.