टक्केवारीत न मावणारे अडथळे

सटाण्याहून नाशिक सुमारे 90 किलोमीटर. स्किझोफ्रेनियाचे उपचार घेणाऱ्या एखाद्या शेतमजूर बाईला जिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे तिची आणि सोबत येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. डाळिंबाची तोडणी किंवा कांद्याची काढणी सुरू असली की ही फेरी पहिली रद्द होते. रजिस्टरमध्ये मात्र एवढंच उरतं: रुग्णाने औषध सोडलं.

ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी 1976 साली नेमका हा हिशेब उलटा मांडला. शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने उभे केलेले अडथळे वेगळे. माणूस अपंग होतो तो या अडथळ्यांमुळे. 1983 मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला 'सामाजिक प्रारूप' असं नाव दिलं. आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येतही हे अडथळे आहेत आणि त्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. पण प्रमाणपत्र देताना मोजमाप होतं ते एकट्या माणसाचं: स्वतःची काळजी, नाती, संवाद, काम आणि आजाराचा कालावधी. त्यातून टक्के निघतात. काम न देणारा मालक, सोयरीक मोडणारे पाहुणे, बंद पडलेली बस यांना टक्के नाहीत.

पुण्यात भार्गवी दावर यांनी 1999 साली 'बापू ट्रस्ट' उभा केला, तो याच आग्रहातून. आईला मनोरुग्णालयात डांबलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. 2024 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्या सांगत राहिल्या की ज्यांनी हे भोगलं, तेच या विषयाचे जाणकार आहेत. त्यांच्या संस्थेने पुण्याच्या वस्त्यांत शेजार, जेवण, निवारा आणि नाती यांनाही मानसिक आरोग्याच्या कामात धरलं.

कानातले आवाज आणि उडालेली झोप खरी असते. बस सुरू झाली म्हणून ती वेदना जात नाही, औषधही लागतं. तरीही सटाण्याच्या बागलाण तालुक्यात संशोधन करणाऱ्याने केवळ लक्षणांची प्रश्नावली घेऊन फिरू नये. अहिराणीत बोलणाऱ्या बाईला तिच्या बोलीत विचारावं: कामावर पुन्हा कोणी बोलावलं का? लग्नकार्यात नेतात का? गोळ्या तालुक्यालाच मिळाल्या तर काय बदलेल?

2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. तो सटाण्यात कुठे अडतो, याची नोंद उपचार घेणाऱ्यांना सोबत घेऊन गावोगाव झाली पाहिजे, आणि ती जिल्ह्याच्या नियोजनात मांडली गेली पाहिजे.