लोचचा तळ आणि दिवेआगरची वाळू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोकणातल्या दिवेआगरच्या किनाऱ्यावरून परतणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत शिंपल्यांबरोबर पुष्कळदा थोडी वाळूही असते. घरी फिशटँक असेल तर तीच वाळू तळाला पसरायचा मोह होतो. वर ‘तळ साफ ठेवायला’ म्हणून दुकानातून एखाद-दुसरा लोच आणला जातो. लांबट, मिशाळ, दिवसभर दडून बसणारा हा मासा थोड्याच दिवसांत दगावला, की ‘नाजूक जात’ म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात लोच चिवट असतात. कुहली लोच नीट सांभाळला तर दहा वर्षांपर्यंत जगतो. त्याचं खाणं, झोपणं, लपणं सगळं तळाशी चालतं, म्हणून तळ चुकला की मासा हातचा जातो.

लोच आपल्याला परकेही नाहीत. दुकानातला कुहली आग्नेय आशियातला असला, तरी त्याचा भाऊबंद पँजिओ गोआएन्सिस गोव्यात सापडतो आणि १९७२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. निसर्ग-अभ्यासक विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली, तिच्यातही लोच आहेत. सह्याद्रीच्या ओढ्यांत वाळूच्या रंगात मिसळून जाणारा लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस आजही दिसतो.

गैरसमज : समुद्राची वाळू स्वच्छ धुतली की चालते.

वस्तुस्थिती : धुतल्याने मीठ जातं, शिंपल्यांचा चुरा जात नाही. हा चुरा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा जडपणा आणि सामू (पीएच) वाढवत राहतो. वाळू उकळली तरी यात फरक पडत नाही. कुहलीसारख्या माशांना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं.

खात्री घरीच करता येते. कोरडी वाळू चमचाभर बशीत घ्या, वर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू आली, कणांभोवती बुडबुडे धरले, तर त्या वाळूत चुना आहे. ती गोड्या पाण्याच्या टाकीत घालू नये. शोभेसाठी ठेवलेले शिंपलेही असाच पाण्याचा जडपणा आणि सामू वाढवतात. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार किनाऱ्यावरच्या वाळूच्या उत्खननाला मनाई आहे. दिवेआगरची वाळू दिवेआगरलाच राहू द्यावी.

गैरसमज : बारीक असली की कुठलीही वाळू चालते, नाहीतर रंगीत खडे आहेतच.

वस्तुस्थिती : आकाराइतकीच कणाची धार महत्त्वाची. बांधकामावर आता सर्रास मिळते ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. तिचे कण कोनेदार असतात. लोच तोंडात वाळू घेतो, त्यातलं खाणं टिपतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. जवळून पाहिलं तर त्याच्या गालांमागून वाळूची बारीक धार पडताना दिसते. दिवसभर हे चालणार असेल तर टोकदार कणांनी मिशा झिजतात, जखमा होतात आणि त्यांत जंतुसंसर्ग होतो. मिशा गेल्या की अन्न शोधायचं साधनच गेलं. मोठ्या खड्यांचा त्रास वेगळा. त्यांत मासा घुसू शकत नाही आणि खाणं फटीत अडकून कुजतं.

अॅक्वेरियमच्या दुकानातली गोलसर कणांची, एक मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू घ्यावी. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवावी.

गैरसमज : वाळूत विषारी वायू साठतो, म्हणून तळ उघडा ठेवलेला बरा.

वस्तुस्थिती : भीती अगदी निराधार नाही. जाड थरात खाली प्राणवायू पोहोचत नाही, घाण कुजते आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. पण दीड-दोन इंचांचा थर पुरेसा असतो आणि लोच स्वतःच तो उकरत राहतात. कडेकोपऱ्यात आपण अधूनमधून काडी फिरवावी. उघड्या काचेवर मात्र लोचला दडायला जागाच उरत नाही.

गैरसमज : लोच घाण खातो, वेगळं खाणं लागत नाही.

वस्तुस्थिती : माशांची विष्ठा कुठलाही लोच खात नाही. निसर्गात तो किड्यांच्या अळ्या, बारीक जंत टिपतो. वरच्या माशांनी टाकलेलं उरलंसुरलं त्याला पुरत नाही आणि तो उपाशी खंगतो. दिवे मालवल्यावर बुडणारे पेलेट किंवा ब्लडवर्म थोडेसे घालावेत. पाणी शुद्ध राखायचं काम फिल्टरमधल्या जिवाणूंचं. ते अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. ही साखळी बसायला काही आठवडे लागतात, म्हणून टाकी नवी असताना लोच सोडू नयेत. नायट्रेट कमी करायला दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं हा साधा उपाय.

गैरसमज : मासा दिसत नाही किंवा वर येऊन हवा गिळतो, म्हणजे आजारी आहे.

वस्तुस्थिती : दिवसा वाळूत शिरून फक्त डोळे बाहेर ठेवणं ही त्याची रीतच आहे. काही लोच पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि आतड्यातून प्राणवायू शोषतात. लेपिडोसेफॅलिक्थिसमध्ये ही सोय आहे. ओढा आटत आला की ती उपयोगी पडते. मात्र टाकीतले इतर मासेही वरच तोंड काढून राहिले, तर पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे. वीज गेली की टाकीचा पंप बंद पडतो, म्हणून कोकणात हा धोका खरा. जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर श्रीवर्धन तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा.

गैरसमज : लहान मासा, एकटा ठेवला तरी चालतो.

वस्तुस्थिती : कुहली एकटा असला की सतत दडून राहतो. पाच-सहा जणांत तो धीट होतो, दिवसाही बाहेर येतो. उंच टाकीपेक्षा लांब-रुंद तळाची टाकी हवी, किमान दोन फुटी. झाकण घट्ट असावं, कारण हे मासे बारीक फटीतूनही निसटतात.

गैरसमज : लोचला खवले नसतात, म्हणून औषध देताच येत नाही.

वस्तुस्थिती : बऱ्याच लोचना कातडीत रुतलेले अगदी बारीक खवले असतात. तरी मीठ, तांबं असलेली औषधं त्यांना लवकर बाधतात. औषध जपून, कमी मात्रेपासून सुरू करावं. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवला तर औषधाची वेळ सहसा येत नाही. कुहलीसारख्या काही लोचच्या डोळ्याखाली काटा असतो. मासा दुसऱ्या टाकीत हलवताना तो जाळीत अडकतो, म्हणून मासा भांड्यात घ्यावा.

गैरसमज : आपल्याच ओढ्यातला मासा आणला तर कोणाचं काय जातं?

वस्तुस्थिती : सगळे लोच सारखे विपुल नाहीत. पश्चिम घाटातला पट्टेरी बोटिया स्ट्रायाटा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत संकटग्रस्त आहे. अधिवासाचा ऱ्हास आणि शोभेच्या माशांसाठीची पकड, दोन्ही त्याच्या मुळावर आहेत. विकत घेताना मासा कुठून आला हे दुकानदाराला विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर घेऊ नये. नको झालेला परदेशी मासा ओढ्यात किंवा विहिरीत सोडणंही तितकंच वाईट. त्याच्याबरोबर रोगही जातात. हौस खरी असेल तर आधी तळ तयार करा, पाणी तपासा, फिल्टर बसू द्या आणि मगच मासे आणा.