काळारामाच्या दरवाज्यांवरील साडेपाच वर्षे

नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिर हे सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या पाषाणात उभारलेले देवालय. त्याच्या चार दरवाज्यांपाशी 1930 च्या मार्च महिन्यात जो प्रश्न येऊन उभा राहिला, तो वरकरणी देवदर्शनाचा असला, तरी त्यामागे महाडच्या चवदार तळ्यावरील 1927 च्या आणि पुण्याच्या पर्वतीवरील 1929 च्या सत्याग्रहांची हकिकत होती, आणि तो विचारणाऱ्या अस्पृश्यांस विश्वस्तांच्या मेहेरबानीची नव्हे, मनुष्य म्हणून आपली गणना होण्याची अपेक्षा होती. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड यांनी विश्वस्तांस रीतसर आगाऊ सूचना दिली होती. उत्तर मिळाले ते कुलुपांच्या रूपाने.

2 मार्च रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली सभा होऊन सुमारे पंधरा हजार स्त्रीपुरुषांची मिरवणूक निघाली, आणि दरवाजे बंद दिसताच ती मुकाट्याने गोदावरीच्या घाटाकडे वळली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी दरवाज्यांवर बसली, तिच्यात 125 पुरुष होते आणि 25 स्त्रिया. या पंचवीस जणींनी घरून निघताना कोणाकोणाची समजूत घातली असेल, हे मात्र कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. दहाच दिवसांनी गांधीजी दांडीच्या वाटेला लागले. परकीय सरकारच्या मिठावरील कराविरुद्धच्या त्या सत्याग्रहास आपल्या इतिहासग्रंथांत जे ऐसपैस स्थान लाभले, ते स्वकीयांच्या उंबरठ्यावर बसलेल्या या सत्याग्रहास लाभले नाही, आणि याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ती त्या बंद दरवाज्यांचीच गोष्ट. मंदिर जवळजवळ वर्षभर बंद राहिले. म्हणजे ज्यांच्या वहिवाटीच्या रक्षणार्थ हा खटाटोप चालला होता, त्या सनातनी भाविकांसही राममूर्तीचे दर्शन दुर्लभ झाले, आणि ते त्यांनी पत्करले. दुसऱ्यास आपल्या बरोबरीने उभे राहू देण्यापेक्षा आपलाच देव कोंडून ठेवणे ज्यास सुसह्य वाटते, त्याच्या श्रद्धेविषयी मी काही बोलत नाही. परंतु विषमता ही केवळ पीडितांचेच मनुष्यत्व खुडते, असे मानणाऱ्यांनी नाशिकचे ते वर्ष अवश्य अभ्यासावे. सरकारी अंमलदारांचे लक्ष बंदोबस्तावर होते. तंटा मिटावा यापेक्षा तो चिघळू नये, एवढीच त्यांची इच्छा दिसते.

9 एप्रिलच्या रथोत्सवासाठी दोन्ही पक्षांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली होती. ती पाळली गेली नाही. दगडफेक झाली, माणसे जखमी झाली, आणि त्यानंतर सत्याग्रह कधी मंदावत, कधी उसळत पुढची काही वर्षे चालला.

इतक्यात चळवळीचा रोख बदलला होता. मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून स्पष्ट केले, की मंदिरप्रवेशाने अस्पृश्यांचा प्रश्न सुटेल अशा समजुतीने हा लढा आरंभिला नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी व त्यांच्या अंगी बळ यावे हा त्याचा हेतू होता, आणि यापुढे शक्ती राजकारण व शिक्षण यांकडे लावावी. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास हिंदू म्हणून मरणार नाही ही त्यांची घोषणा झाली. ज्यांच्यासाठी दरवाजा उघडायचा, त्यांनीच त्याच्याकडे पाठ फिरविली होती.

मुंबई इलाख्याचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो 1947 साली. पुढील वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ या अर्थी वाचता येणारा शब्दप्रयोग बदलून तेथे ‘सर्व मानव’ आणविण्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांकडे जाते, आणि त्या पंचवीस सत्याग्रहिणींच्या संदर्भात ही दुरुस्ती मला विशेष मोलाची वाटते. 1950 च्या संविधानाने सतराव्या कलमान्वये अस्पृश्यता नष्ट केली. गायकवाड मात्र तेवढ्यावर स्वस्थ बसणारे नव्हते. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे हे ‘दादासाहेब’ 1957 साली लोकसभेवर निवडून गेले, आणि 1959 मध्ये व पुन्हा 1964 साली त्यांनी सत्याग्रह उभारले, ते भूमिहीनांना कसण्यास जमीन मिळावी म्हणून.