चार्ल्स्टन : भातावर उभं राहिलेलं शहर

अमेरिकेत मुलांकडे गेलेली आपली माणसं न्यूयॉर्क, नायगारा पाहतात आणि परततात. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन बहुतेकांच्या यादीत नसतं. ते असायला हवं.

१६७० साली वसलेल्या या बंदरात रंगीत घरांच्या रांगा आहेत, घोडागाड्या आहेत. पण शहर खरं कळतं ते जेवायला बसल्यावर. इथली श्रीमंती भातशेतीची. शेतीची जाण आणि कष्ट, दोन्ही पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे. हवेल्या मात्र मळेवाल्यांच्या. त्या माणसांचे वंशज म्हणजे गला-गीची समाज. टोमॅटोत शिजवलेला लाल भात, भेंडीचं सूप, तिळाची पातळ, कुरकुरीत बिस्किटं हे सगळं त्यांच्या चुलीवरून आलेलं. मक्याच्या कण्यांवर वाढलेली कोळंबी आता महागड्या हॉटेलांत मिळते. एके काळी ती कोळ्यांची न्याहारी होती.

खरेदीसाठी सगळे सिटी मार्केटमध्ये जातात. तिथे गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या बायकांपाशी जरा थांबा. स्वीटग्रास नावाच्या किनारी गवताची जुडी गोल गोल फिरवत न्यायची, घासून टोकदार केलेल्या चमच्याच्या दांड्याने भोक पाडायचं आणि पामच्या पानाची पट्टी त्यातून ओवून घट्ट आवळायची. मधूनच पाइनच्या सुया घातल्या की तपकिरी पट्टा उमटतो. मळ्यांवर अशाच विणीच्या पसरट टोपल्यांत भात पाखडत, आपल्याकडे सुपात पाखडतात तसा. किनाऱ्यावर बंगले आणि रिसॉर्ट वाढले, तसं हे गवत मिळणं अवघड झालं. छोट्या टोपलीलाही तासन् तास लागतात. मोठीची किंमत शेकडो डॉलर असते आणि ती रास्त आहे.

चाल्मर्स स्ट्रीटवर जिथे माणसांचा लिलाव होई, ती इमारत आता संग्रहालय आहे. जिथे गुलामांची जहाजं लागत, त्या गॅड्सडेन धक्क्याच्या जागी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडलं. हवेल्या पाहायला अर्धा दिवस देणार असाल, तर या दोन्ही ठिकाणांना पूर्ण दिवस द्या. आणि टोपली घ्यायची तर विणणाऱ्या बाईकडूनच घ्या, घासाघीस न करता.