बाणाचे पीस आणि धनुष्याची रेस्ट



बर्लिन शहरी २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात धनुर्विद्येच्या जागतिक स्पर्धा झाल्या. त्यांत साताऱ्याची अदिती स्वामी ही अवघी सतरा वर्षांची मुलगी आणि नागपूरचा ओजस देवतळे, हे दोघेही कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते ठरले. अंतिम सामन्यात ओजसने १५० पैकी १५० गुण घेतले. त्याआधी दोन वर्षे, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा, टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे नेम धरून उभा होता. साहजिकच आता खेड्यापाड्यांतल्या शाळांनाही वाटू लागले आहे, की आपल्या मैदानाच्या कडेला पेंढ्याची एक गादी उभी करावी आणि चार धनुष्ये आणावीत.

हे चांगलेच आहे. पण होते काय, की गावातून वर्गणी काढून जमवलेले सगळे पैसे धनुष्यावर जातात आणि बाण मिळतील तसले घेतले जातात. मग पंधरा दिवसांत बाणांची पिसे फाटतात, काही निघून पडतात, बाण वेडेवाकडे जाऊ लागतात. गुरुजी मुलाला म्हणतात, “अरे, तुझा हात हलतो!” मुलालाही ते खरे वाटते. वास्तविक पुष्कळदा हात हललेला नसतो. पीस आणि रेस्ट यांचे पटलेले नसते एवढेच. आज मी बोलणार आहे ते याच भानगडीविषयी.

आधी पिसाचे काम काय ते पाहू. बॅडमिंटनचे फूल तुम्ही पाहिले असेल. ते कसेही टोलवा, हवेत वळून बूच पुढे आणि पिसे मागे असेच उडते. (हा खेळ एके काळी आमच्या पुण्याच्या नावाने ‘पूना’ म्हणून ओळखला जाई, हे जाता जाता सांगून टाकतो.) बाणाचेही तसेच. पुढचे टोक जड, मागे पिसे. हवा पिसांना मागे ओढून धरते, म्हणून शेपूट टोकाच्या मागोमाग सरळ येते. पिसे जरा तिरपी चिकटवली तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि अधिक स्थिर जातो. आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. महाभारतात बाणाला ‘कंकपत्र’ म्हटलेले आढळते. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी, त्याचे पीस लावलेला बाण. गिधाडाच्या पिसांचाही उल्लेख येतो. आज मात्र कोणी गिधाडाच्या मागे लागू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि गिधाडे उरलीत तरी किती! टर्की किंवा बदक-हंसासारख्या पाळीव पक्ष्यांची पिसे बाणाला उत्तम चालतात. एकच पथ्य पाळायचे: डाव्या पंखाचे आणि उजव्या पंखाचे पीस एकाच बाणाला लावायचे नाही, कारण त्यांचा बाक उलटा असतो.

आता रेस्ट. बाण सोडण्यापूर्वी ज्या आधारावर टेकलेला असतो, त्याला मैदानावर सगळे रेस्टच म्हणतात. आपणही तेच म्हणू. दोरी सुटल्यापासून बाण धनुष्य सोडून जाईपर्यंत सेकंदाचा सुमारे पन्नासावा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात पिसे रेस्टजवळून निघून गेली पाहिजेत. ती घासली तर दोन गोष्टी होतात: शेपटीला धक्का बसून बाण भरकटतो, आणि पीस झिजते. म्हणजे टिकाऊ पीस म्हणजे जाड, टणक पीस नव्हे. जे रेस्टला लागत नाही, किंवा लागले तरी मुकाट्याने दबते, तेच टिकते. दुकानदार “हे घ्या, तुटणारच नाही” म्हणून जे दाखवतो, ते एखाद्या धनुष्यावर सगळ्यात वाईट ठरू शकते.

सगळ्यात जुनी रेस्ट म्हणजे माणसाची मूठ. भिल्ल, ठाकर, वारली मंडळींचा तीरकामठा घ्या, किंवा शाळेत वापरतात ते बांबूचे साधे धनुष्य घ्या. तिथे बाण बोटावर किंवा मुठीवरच्या छोट्याशा काठावर टेकतो, आणि पिसे तिथे लागणारच. म्हणून अशा धनुष्याला पक्ष्याचे पीसच हवे. ते आडवे होऊन निघून जाते आणि पुन्हा उभे राहते. प्लास्टिकचे पाते, ज्याला मुले ‘वेन’ म्हणतात, ते दबत नाही. काठावर आपटते आणि बाणाला बाजूला झटकते. शिवाय बोटाला लागते ते वेगळेच. पक्ष्याच्या पिसाचेही पुढचे टोक बोटात शिरू शकते, तेव्हा ते तासून त्यावर बारीक दोऱ्याचे चार वेढे घालावेत आणि वर गोंदाचा थेंब फिरवावा. हे काम मुलांकडूनच करून घ्यावे, त्यांना ते फार आवडते.

पक्ष्याच्या पिसाचा शत्रू म्हणजे पाणी. आमच्या वारज्याला आषाढात खडकवासल्याच्या बाजूने सरी येतात, तेव्हा अशी पिसे ओली होऊन बाणाला चिकटून बसतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळांनी पावसाळ्यात बाण कोरड्या जागी उभे टांगून ठेवावेत आणि सराव पडवीत घ्यावा.

दुसरे धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरून चालवतात ते. याच्या रेस्टला एक बारीक तार असते आणि बाजूला स्प्रिंगची छोटी दांडी. दोरी बोटांनी सोडली, की ती किंचित आडवी सरकते. त्यामुळे बाण माशासारखा वळवळत, धनुष्याला वळसा घालून निघतो. बाणाचा ताठपणा धनुष्याच्या जोराला जुळला असेल तर शेपूट कशाला न लागता सुटते. म्हणून इथे प्लास्टिकचे पाते चालते. मोठे खेळाडू पातळ फिल्मचे वळलेले पाते लावतात. ते हलके असते, बाण झरझर फिरवते, पण लवकर फाटते. शाळेने त्याच्या नादी लागू नये. मऊ, सरळ, बेताच्या उंचीचे पाते मुलांना पुरे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. तीन पात्यांपैकी एक वेगळ्या रंगाचे असते. ते धनुष्यापासून बाहेरच्या दिशेला, म्हणजे उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या डावीकडे असले पाहिजे. मूल घाईत बाण उलटा लावते आणि पाते धनुष्यावर आपटते. पुष्कळशी फाटाफाट इतक्या साध्या चुकीने होते.

तिसरे कंपाउंड. चाकांचे धनुष्य. यात दोरी बोटाने नव्हे, तर हातातल्या चापाने सोडतात, त्यामुळे बाण आडवा न वळता वर-खाली लवतो. काहींवर पोलादाची पातळ पट्टी असते; तिथे रंगीत पाते वर ठेवले की खालची दोन पाती पट्टीच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. काहींची रेस्ट दोरी सुटताच खाली पडते. ती वेळेवर पडत असेल तर कोणतेही पाते लावा, आणि पडत नसेल तर तिची दोरी आधी नीट बांधा. तिसरा प्रकार ब्रशसारख्या केसांच्या कड्याचा. यात बाण कड्याच्या मधोमध राहतो, पडत नाही, म्हणून शिकाऊ मुलांना सोयीचा. पण पाती दर वेळी त्या केसांतून जातात. तिथे मऊ पाते लाटांसारखे वाकडे होते आणि पक्ष्याचे पीस तर विंचरून निघते. आखूड आणि कडक पाते हवे ते इथे. पाहा, मुठीवर जे वाईट, तेच कड्यात चांगले!

पाते घासते की नाही, हे कळायचे कसे? यंत्र नको, तोंडाला लावायची पावडर पुरे. रेस्टवर आणि पात्यांवर ती हलकीशी भुरभुरावी, गादीपासून चार-पाच पावलांवर उभे राहून एक बाण सोडावा आणि पाहावे. जिथे पावडर पुसली गेली असेल तिथे स्पर्श झाला. मग मागची खाच, जिला नॉक म्हणतात, ती केसभर फिरवून पुन्हा पाहावे. तासभराचा उद्योग आहे, पण विज्ञानाच्या तासाला करण्याजोगा आहे. मुलावर रागवण्यापूर्वी तर अवश्य करावा.

पाती फाटण्याचे आणखी एक कारण गादीत असते. पेंढा किंवा उसाचे पाचट सैल बांधले, की बाण आरपार जातो आणि पाती आत अडकतात. असा बाण मागे ओढू नये. गादीच्या मागे जाऊन पुढच्या बाजूने काढून घ्यावा. गादी मात्र घट्ट आवळावी. सैल गादीपुढे कोणतेच पाते टिकत नाही.

चिकटवण्याबद्दल थोडे. जुना गोंद बोथट पात्याने खरवडावा, कार्बनच्या बाणाला ओरखडा पडू देऊ नये. मग स्पिरिटने पुसून त्या जागी बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलाने गोंद धरत नाही. पाते बसले की त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक जादा थेंब द्यावा. सुटायला सुरुवात पुढच्या टोकापासूनच होते. प्लास्टिकचे पाते उन्हात वाकले असेल तर कढत पाण्यात क्षणभर धरावे, सरळ होते. पत्र्याच्या पेटीत बाण ठेवून ती पेटी चैत्राच्या उन्हात ठेवू नये हे बरे. आणि हे सगळे करताना बाण अलगद वाकवून पाहावा. करकर आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाण मोडून टाकावा. पाती नवीन असली तरी तो मुलाच्या हाती देऊ नये, कारण चिरलेला कार्बनचा बाण सुटताना फुटून हातात घुसतो.

खरेदीला जाताना धनुष्य बरोबर न्यावे. शेकड्याने पाती घेण्याआधी दोन-तीन प्रकारांची तीन-तीन पाती आणून एकेका बाणाला लावावीत आणि पावडर लावून पाहावे. जे पाते स्वच्छ निघेल तेच सगळ्या बाणांना, सारख्याच अंतरावर आणि सारख्याच तिरपेपणाने लावावे. एका मुलाच्या भात्यात दोन तऱ्हेची पाती ठेवू नयेत.