झाकणाखालचं पाणी

मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये कोणाला थंडी वाजून ताप भरला की सगळ्यांच्या तोंडी आधी नाल्याचं नाव येतं. मग खाडीचं, मिठागरांचं, तिवरांचं. संध्याकाळी धूरफवारणीवाला गल्लीतून गेला की लोकांना बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या इमारतीत एकाच आठवड्यात दोघांना मलेरिया निघाला. त्यातली एक दुसरीत शिकणारी पोर. तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचे एक कर्मचारी आले. मी त्यांना लगबगीने मागचा नाला दाखवायला निघाले, तर ते म्हणाले, "ताई, आधी गच्चीची किल्ली द्या."

गच्चीवरच्या टाकीचं झाकण एका कोपऱ्यात तुटलं होतं. त्यावर कोणीतरी फरशीचा तुकडा ठेवला होता. त्यांनी तो सरकवला, लांब दांड्याची पांढरी पळी पाण्यात अलगद बुडवली आणि माझ्यासमोर धरली. पाणी नितळ होतं. आमच्या स्वयंपाकघरात नळाला येतं तेच. "हलवू नका, नीट बघा." पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून, केरसुणीच्या तुटक्या काडीएवढं काहीतरी आडवं पडलं होतं. बोटाची सावली पडताच ते सर्रकन तळाशी गेलं.

"नाल्यातल्या अळ्या पाण्यात डोकं खाली करून लोंबतात," ते म्हणाले. "ही आडवी पडते. ही मलेरियाची. हिला घाण पाणी चालत नाही."

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारलं. ते कळायला मुंबईला किती खटाटोप करावा लागला, हे मी नंतर वाचत गेले आणि वाचताना राहवेना.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटात मलेरियाच्या जंतूची वाढ दिसली. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णाचं रक्त प्यायला होता. रुग्णाला डासामागे एक आणा मिळत असे. रॉस यांना नोबेल मिळालं, त्यांचं नाव घरोघर पोचलं. हुसेन खान यांचं नाव मात्र मोजक्याच लोकांना ठाऊक आहे, म्हणून ते मुद्दाम इथे लिहिते. पण रॉस यांच्या शोधाने एवढंच सिद्ध झालं की डास जबाबदार आहे. डासांच्या जाती शेकड्यांनी. आपल्या गावात त्यांतली कोणती, आणि ती राहते कुठे?

त्यातल्या पहिल्या प्रश्नाचा धागा विदर्भात सापडतो. ग्लेन लिस्टन हे तरुण लष्करी डॉक्टर तेव्हा एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला होते. पंखांवर ठिपके असलेल्या तिथल्या एका डासाचं त्यांनी १९०१ मध्ये वर्णन केलं आणि स्टीफन्स या मलेरिया-संशोधकाच्या नावावरून त्याला 'अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी' असं नाव दिलं. तेव्हा ती नुसती एक नोंद होती.

पुढे मुंबई बंदरात अलेक्झांड्रा गोदीचं, आजच्या इंदिरा गोदीचं, बांधकाम सुरू झालं आणि बंदरात तापाची साथ उसळली. उपसलेला चिखल, ओहोटीला उघडा पडणारा किनारा, दलदल यांवर सगळ्यांचा संशय. आम्ही नाल्याकडे बोट दाखवतो, अगदी तसंच. लिस्टन तोवर मुंबईत आले होते. १९०८ मध्ये त्यांनी या साथीवर लिहिताना आपल्या जुन्या ओळखीच्या डासावर बोट ठेवलं: स्टीफेन्सी.

जात कळली, घर कळायचं होतं. ते काम डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे आलं. त्या काळी मलेरिया मोजायचा तो मुलांची पोटं चाचपून. वारंवार ताप येणाऱ्या मुलाची प्लीहा वाढते आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागते. बेंटली यांनी एकीकडे अशी मुलं मोजली आणि दुसरीकडे शहरातलं पाणी पाहिलं. चिखलात डास होते, पण ते वेगळे. स्टीफेन्सी सापडला तो फोर्टसारख्या भरवस्तीतल्या विहिरींत, घरांच्या चौकातल्या, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या, थंड, सावलीतल्या पाण्यात. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आलं होतं, तरी विहिरी उघड्याच होत्या. बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये निघाला. त्याचं सांगणं सोपं होतं: विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा झाका.

आणि शहर हादरलं. दलदल सरकारची असते, विहीर आपली. त्यातच देव असतो, पीर असतो. बुजवली तर घरावर संकट येईल अशी भीती लोकांनी खरोखर बोलून दाखवली. पारशी कुटुंबांना धर्मविधींसाठी विहिरीचं पाणी लागे आणि त्यावर सूर्यकिरण पडावे लागत. मला इथे मुंबईचं मोठेपण दिसतं, कारण यातून वाट निघाली: बारीक जाळीची झडप. ऊन आत जाईल, डास जाणार नाही. पालिकेत काम करणाऱ्या रुस्तम मसानी यांनी विहिरींभोवतीच्या या श्रद्धा हसण्यावारी नेल्या नाहीत. त्या गोळा केल्या आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर पुस्तक छापलं.

तरी ढिलाई आलीच. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा मलेरिया परत डोकं वर काढून होता आणि विहिरींच्या जोडीला टाक्याही आल्या होत्या. टाकी म्हणजे गच्चीवर चढलेली विहीरच. अचलपूरच्या त्या डासाला शहर मानवलं. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत, जिबूतीला सापडला आणि तिथली शहरंही आता टाक्या तपासू लागली आहेत.

आमची टाकी आम्ही रिकामी केली. पाणी ठरलेल्या वेळीच येतं, त्यामुळे कुरकुर झाली. टाकी घासून एक दिवस कोरडी ठेवली, गच्च बसणारं झाकण आणलं. ते कर्मचारी पुन्हा आले तेव्हा मी अभिमानाने झाकण दाखवलं. त्यांनी टाकीला वळसा घातला आणि जास्तीचं पाणी बाहेर पडायच्या पाइपात बोट घातलं. तो उघडाच होता. अंडं घालायला मादीला तेवढी वाट पुरते आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस.

मी खाली जाऊन खिडकीच्या जाळीचा उरलेला तुकडा आणला. त्यांनी तो पाइपाच्या तोंडावर दुहेरी घडी करून धरला, मी तारेचे चार वेढे घट्ट आवळले. त्यांनी पळी बुडवली, उन्हात धरून बराच वेळ पाहिली. पाणी रिकामं होतं.

मग त्यांनी शेजारच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते विचारलं.